गुळाचा परत रस होत नाही
उसाच्या रसाचा गूळ होताना फक्त पाणी उडतं, म्हणून पाणी घातलं की बदल उलटतो, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. निम्मं पटतं. पाणी उडण्यापुरतं ते खरं आहे, पण आमच्या कोल्हापूरकडच्या कुठल्याही गुऱ्हाळावर काहिलीपाशी (रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी) थोडा वेळ थांबा. रस तापला की काळपट मळी वर येते. रसातली प्रथिनं उष्णतेनं गोठतात आणि रसात घातलेल्या भेंडीच्या चिकट पाण्यात अडकून तरंगतात. ती काढून टाकल्यावर रसात परत कशी जाणार? पुढं पाकाला चढलेला तांबूस रंगही पाणी घालून उतरत नाही.

अजून कुणी चुन्याचा विषय काढलेला नाही. रस मुळात आम्लधर्मी. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोज, म्हणजे उसातली साखर, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरा होतात, आणि काहिलीत त्या पुन्हा जुळत नाहीत. म्हणून आम्ल कमी करायला गुळव्या (गूळ करणारा कारागीर) चुन्याची निवळी घालतो (जास्त पडली तर गूळ काळा पडतो, ती वेगळी डोकेदुखी). तोडलेला ऊस पडून राहिला असेल तर ही फूट आधीच सुरू झालेली असते. मग पाक ११८ अंशांच्या आसपास नेला, थंड पाण्यात गोळी करून बघितली, तरी गूळ घट्ट बसत नाही. वर पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, कारण फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं. ते पाणी वाळवून घालवता येईल, फुटलेलं सुक्रोज मात्र तसंच राहतं.