वायरलेस कॉन्फरन्स फोनची बॅटरी बदलायची आहे, सांगली-मिरजेत पॅक बांधून मिळेल का?

नमस्कार मंडळी,

तासगावजवळच्या आमच्या द्राक्ष बागायतदार गटाच्या ऑफिसचं काम मी बघते. गटाकडे एक वायरलेस कॉन्फरन्स फोन आहे, तीन पाकळ्यांचा, टेबलाच्या मधोमध ठेवायचा. बेस लँडलाइनला जोडलेला असतो आणि फोन उचलून पलीकडच्या हॉलमध्ये नेता येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने सगळे हॉलमध्ये जमतात आणि पुण्याच्या तज्ज्ञांना फोन लागतो. मोबाइल स्पीकरवर टाकून पाहिला, पण मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं पलीकडे पोचतच नाही. या फोनला तिन्ही बाजूंना माइक आहेत, त्यामुळे कुणाला उठून पुढे यावं लागत नाही. शंका खरं तर त्यांच्याच नेमक्या असतात.

आता अडचण अशी. चार्जरवर असताना बॅटरीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात. उचलून बोलायला लागलं की थोड्याच वेळात टूं टूं वाजतं आणि फोन बंद. आधी अख्खी दुपार चालायचा. वायर लावूनच वापरा असं काही जण सांगतात, पण मग लाइट गेली की चालू बोलणं तिथेच तुटतं.

खालचं झाकण उघडून पाहिलं. निळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात दोन नळकांडी शेजारी शेजारी आहेत. वर ली-आयन, ७.४ व्होल्ट असं छापलंय. लाल, काळी आणि पिवळी अशा तीन वायरी एका छोट्या पांढऱ्या पिनेत जातात. पॅक फुगलेला नाही, वासही नाही. ओळखीच्या वायरमननी मीटर लावला तर चार्जरवरून काढल्या काढल्या ८.२ व्होल्ट, आणि बोलणं सुरू केल्यावर पाचेक मिनिटांत ६.२.

कंपनीकडून उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालंय, नवा फोन घ्या. पैसा सभासदांच्या वर्गणीचा आहे. बाकी सगळं ठणठणीत असताना फक्त बॅटरीपायी फोन टाकून द्यायला मन होत नाही.

ऑनलाइन एक पॅक दिसला. व्होल्टेज तेच, क्षमता मात्र ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिलीय, आणि फोटोत वायरी दोनच आहेत. एका दुकानदारांचं म्हणणं, कॉर्डलेस फोनचे १.२ व्होल्टचे सहा सेल जोडून देतो, ७.२ होतात, चालून जाईल. यातलं काय करावं? तिसरी वायर कशाची? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद, मिरजेहून:

ताई, दोन्ही नको. कॉर्डलेसचे ते सेल निकेलचे. व्होल्टेजचा आकडा जवळचा दिसला तरी चार्ज करायची पद्धत वेगळी. तुमचा चार्जर लिथियमसाठी बनलाय, तो दोन सेल मिळून ८.४ व्होल्टपर्यंत नेतो आणि तिथे धरून ठेवतो. निकेलचे सेल भरले हे त्याला नीट कळणारच नाही.

मीटरचे आकडे स्पष्ट आहेत. सेलचा आतला रोध वाढलाय. नुसतं ठेवल्यावर व्होल्टेज भरलेलं दिसतं, भार पडला की कोसळतं. म्हणून कांड्या पूर्ण आणि फोन बंद.

तुमची नळकांडी बहुतेक १८६५० मापाची असतील, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. पट्टी लावून बघा. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. असे दोन सेल एकामागे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होतं, क्षमता एकाचीच राहते. तेव्हा ९९०० हा आकडा खोटा. विकणाऱ्याला वजन विचारा. अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा भरतो, बनावट बऱ्याचदा हलका निघतो.

प्रतिसाद, कराडहून:

पिवळी वायर बहुतेक थर्मिस्टरची, म्हणजे उष्णतेप्रमाणे रोध बदलणाऱ्या छोट्या भागाची. पॅक तापला तर चार्जिंग थांबवायचं, हे फोनला त्यावरून कळतं. पॅक बाहेर काढून पिवळी आणि काळी यांच्यात ओहम मोजा, मग पॅक तळहातात धरून ठेवा. आकडा हळूहळू उतरला तर तोच. तिथे साधा रेझिस्टर लावून फोनला फसवा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पॅक कितीही तापला तरी फोनला तो गारच वाटेल, आणि हा फोन माणसांच्या मधोमध ठेवायचा असतो.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. मोजलं. सुरुवातीला आठ किलोओहमच्या आसपास होतं, हातात धरल्यावर उतरत गेलं. पट्टीनेही माप १८ आणि ६५ च भरलं. आता सेल बदलून घ्यायचे तर दुकानात काय सांगू? आणि पॅक इतक्या लवकर का गेला असेल? फोन कायम चार्जरवरच असतो, खिडकीशेजारी.

प्रतिसाद, मिरजेहून:

हेच कारण दिसतंय. पूर्ण भरलेली बॅटरी आणि वर उन्हाची धग, लिथियम सेल यानेच झिजतो. चार्जर सावलीत हलवा. छाटणीचा हंगाम संपल्यावर फोन महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर साधारण निम्मा चार्ज ठेवून पॅक काढून ठेवा.

पॅक बांधणारा शोधायचा तर मोबाइलच्या दुकानात जाण्यापेक्षा फवारणी पंपाच्या बॅटऱ्या आणि इ-बाइकचे पॅक दुरुस्त करणाऱ्यांकडे चौकशी करा. त्यांच्याकडे स्पॉट वेल्डिंग असतं, म्हणजे विजेच्या क्षणभराच्या झटक्याने धातूची पट्टी सेलला जोडायची सोय. सेलला थेट सोल्डरिंगचा डाग देऊ देऊ नका, उष्णतेने आतून खराब होतो. दोन्ही सेल नवे, एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे. जुनं संरक्षक सर्किट (सेल जास्त भरू वा उतरू न देणारी पॅकमधली छोटी पट्टी), थर्मिस्टर आणि पिन तीच वापरायला सांगा. थर्मिस्टर सेलच्या अंगाला चिकटलेला हवा, लोंबता नको. सेल बदलल्यावर सर्किटमधून व्होल्टेजच आलं नाही तर घाबरू नका. काही सर्किटं सेल सुटले की बंद पडतात आणि चार्जर लावल्यावरच जागी होतात.

पिन जोडायच्या आधी लाल-काळीची दिशा मीटरवर बघून घ्या. पहिलं चार्जिंग दिवसा, फोनजवळ कुणीतरी असताना करा आणि मधूनमधून हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर लगेच काढा.

जुन्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.

धागाकर्ती:

फवारणी पंपवाल्यांचं सुचलंच नव्हतं, आमच्या गावातच एक आहेत. त्यांच्याकडे स्पॉट वेल्डिंग आहे का ते विचारते. पॅक बांधून झाला की बोलणं चालू असताना किती व्होल्ट राहतात ते मोजून इथे लिहीन.