३२ इंची एलईडी टीव्ही: लाल दिवा लुकलुकतो, १२ व्होल्ट टिकत नाहीत

प्रश्न (कोथरूडहून)
पॉवर सप्लायचा बोर्ड वेगळा आहे. स्टँडबायला ५.१ व्होल्ट मिळतात. रिमोटने चालू केलं की १२ व्होल्टची लाइन ७ पर्यंत चढते आणि बसते. असं सात-आठ वेळा झालं की टीव्ही सुरू होतो, मग दिवसभर चालतो. फ्यूज शाबूत, एकही कपॅसिटर फुगलेला नाही. बोर्डच बदलू का?

उत्तर १
अजिबात नको. तापल्यावर चालतो ना, मग सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पहिला संशय. आतलं द्रावण आटलं की ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढतो, आणि थंड असताना तो सर्वात जास्त असतो. टोपी सपाट आहे म्हणून सोडू नका. साध्या मल्टिमीटरवर ९०० मायक्रोफॅरड दाखवणारा ईएसआर मीटरवर २ ओहम दाखवू शकतो. १००० मायक्रोफॅरडचा चांगला नग ०.१ च्या आत हवा.

१२ व्होल्टवरचे सगळे एकदम बदला: तेवढेच मायक्रोफॅरड, १६ ऐवजी २५ व्होल्ट, १०५ डिग्री, लो ईएसआर. उंची-जाडी मोजून घ्या, नाहीतर मागचं कव्हर बसत नाही. प्रायमरीला (मेन्सच्या बाजूला) पीडब्ल्यूएम आयसीजवळ, म्हणजे सप्लायचं स्विचिंग सांभाळणाऱ्या चिपजवळ, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा छोटा कपॅसिटर असतो, तोही बदला. असं अडखळत सुरू होण्यामागे बऱ्याचदा तोच असतो आणि नेमका तोच राहून जातो.

उत्तर २
त्याआधी दोष सप्लायचाच आहे ना, ते बघा. मेन बोर्डची केबल काढा, १२ व्होल्टवर १० ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर लावा. पीएस-ऑन पिन (सप्लायला चालू होण्याचा इशारा देणारी) १ किलोओहममधून ५ व्होल्टला जोडा (बहुतेक बोर्ड असेच चालू होतात). १२ टिकले तर सप्लाय सोडा, मेन बोर्ड धरा.

तिथे १११७ जातीचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर बघा. त्याचा टॅब, म्हणजे रुंद धातूची पट्टी, आउटपुट असतो, ७८०५ सारखा ग्राउंड नव्हे. इथे हमखास घोळ होतो. आउटपुट कमी आणि आयसीला चटका बसत असेल, तर आयसी काढून त्या लाइनचा ग्राउंडशी रोध मोजा. एक-दोन ओहमच आला तर पुढचा सिरॅमिक कपॅसिटर किंवा चिप शॉर्ट आहे. नवा रेग्युलेटरही तसाच तापेल.

उत्तर ३
हात लावण्याआधी: प्रायमरीच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास साठा असतो, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर ३८० च्या पुढे. प्लग काढल्यावर ४.७ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटरवर खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. प्रायमरीचं ग्राउंड वेगळं असतं. सेकंडरी (५ आणि १२ व्होल्टची बाजू) मोजताना काळी पिन ट्यूनरच्या पत्र्यावर ठेवा.

पार्ट बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. जुना नग सोबत न्या. बसवताना कपॅसिटरवरचा पट्टा निगेटिव्हला, आणि पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटच्या तारेच्या बल्बमधून, सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक; भरभरून पेटून राहिला तर लगेच बंद करा, प्रायमरीचा ब्रिज रेक्टिफायर किंवा मॉस्फेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे.