अनुभव धागा: गालापागोसची बोटसफर, घरच्यांसोबत आणि मित्रमंडळींसोबत

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटरवरची ही बेटं प्राणी-पक्षी बघायला बोटीनेच करावीत. ज्यांनी केली आहेत त्यांनी नेमकं लिहा: बोट कशी ठरवायची, काय चुकतं आणि का.

०००

आधी माणसं मोजा. लहान बोटी बहुतेक १६ प्रवाशांच्या असतात, कारण गालापागोस राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाने एका गाइडमागे १६ च माणसं चालतात. १४-१६ जण जमत असतील तर अख्खी बोटच ठरवा. मग चालण्याचा वेग आजी-आजोबांच्या पायांनी ठरतो. बेटावर उतरायची वेळ मात्र उद्यानाने ठरवलेली असते, ती कोणासाठी बदलत नाही. गट विषम असेल तर एकट्याच्या केबिनचे जादा पैसे पडतात, ते आधीच वाटून घ्या.

‘८ दिवस’ म्हणजे पूर्ण दिवस सहाच. पहिला आणि शेवटचा विमानात जातो. ‘४ दिवस’ घेतलेत तर हाती दोनच उरतात. शिवाय एका बोटीला तीच जागा १४ दिवसांच्या आत पुन्हा घेता येत नाही, म्हणून आठवड्यात सगळी बेटं होत नाहीत. तेव्हा बोटीच्या सजावटीकडे बघू नका, मार्ग बघा. न उडणारा पाणकावळा हवा तर पश्चिमेचा मार्ग, म्हणजे फर्नांडिना बेट आणि इसाबेला बेटाचा पश्चिम किनारा. हा पक्षी दुसरीकडे कुठेच नाही. लाल पायांचे बूबी (समुद्रपक्षी) भरपूर हवेत तर हेनोवेसा बेट. अल्बट्रॉस पक्षी एस्पान्योला बेटावर, साधारण एप्रिल ते डिसेंबर. हे ठरवून मगच तारखा काढा.

०००

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा लागतो. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथलाही. परत भारतात उतरताना यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीपुढच्यांनी ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर टाकू नका.

उद्यानाची फी १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढाला २०० डॉलर, १२ वर्षांखालच्यांना १००; ती रोख ठेवा. सुट्ट्या लहान नोटा बऱ्या, १०० ची नोट दुकानदार घेत नाहीत. मुख्य भूमीवर निदान एक दिवस आधी पोचा, विमान चुकलं तर बोट थांबत नाही. राजधानी कितो २,८५० मीटर उंचीवर आहे. रक्तदाब किंवा दम्याचं माणूस सोबत असेल तर मुक्काम समुद्रसपाटीच्या ग्वायाकिल शहरात करा. बेटांचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे असतं.

०००

ज्येष्ठांचा खरा प्रश्न चालण्याचा नाही, उतरण्याचा आहे. मोठ्या बोटीतून ‘पांगा’ नावाच्या रबरी होडीत आणि होडीतून बेटावर. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा धरू नका. मनगटाच्या वर धरा, तोही तुमचं तसंच धरतो. ओला पंजा निसटतो, ही पकड निसटत नाही. होडीत एका वेळी एकानेच उभं राहायचं. सामान पाठीवर, दोन्ही हात मोकळे.

कोरडं उतरणं म्हणजे लाव्हाच्या खडकावर. होडी लाटेने वर आली की त्या क्षणी पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. ओलं उतरणं म्हणजे गुडघाभर पाण्यात: काठावर बसायचं, दोन्ही पाय बाहेर वळवायचे, लाट ओसरली की खाली. वाळूसाठी सँडल, खडकांसाठी पकड असलेले बूट. एकाच जोडावर भागत नाही.

०००

जानेवारी ते मे समुद्र शांत, पाणी कोमट, ऊन कडक. जून ते नोव्हेंबर गार, ढगाळ, आणि लाटा जास्त. लहान मुलं असतील तर पहिला हंगाम घ्या. बेटाबेटांतला लांबचा प्रवास रात्री होतो. केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर मागा, तिथे डोल सर्वांत कमी. बोट लागू नये म्हणूनची गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. नांगर उचलायच्या तासभर आधी घ्यावी लागते. त्याने झोप येते, ते रात्री सोयीचंच.

०००

शाकाहारी मंडळींनी ‘वेहेतारियानो’ एवढंच सांगून थांबू नये, मासे किंवा कोंबडीचं पाणी घातलेलं सूप पुढे येऊ शकतं. आधी लिहून पाठवा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, कोंबडीचं सूप नको. ताजी फळं, भाज्या, बिया सोबत नेऊ नका. विमानात चढण्याआधीच सामान तपासतात, कारण बाहेरचं एखादं बी किंवा कीड इथल्या झाडांना पुरून उरते. बुटांच्या तळव्यातला चिखल घरीच धुवा.

०००

स्नॉर्केलिंगचं, म्हणजे मास्क लावून पाण्याखाली बघत पोहण्याचं: मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये नाकाखालून पाणी शिरतं. ओठावरची पट्टी दाढी करून काढा, नाहीतर मिशीला व्हॅसलीन लावा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क घरूनच न्या. पश्चिमेला खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं, त्यामुळेच विषुववृत्तावर पेंग्विन जगतात. तिथे वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) अंगभर घ्या, अर्ध्या बाह्यांचा नको.

प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवायचं. पण समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःच मुलांजवळ येतं! हात लावू देऊ नका. आई पिल्लाला वासावरून ओळखते, माणसाचा वास लागला तर गोंधळते. ओरडत गस्त घालणाऱ्या नरापासून सगळ्यांनीच लांब राहा.

०००

कॅमेऱ्याचं: फ्लॅशला बंदी आहे. प्राणी इतक्या जवळ असतात की ७०-३०० मिमीची झूम लेन्स पुरते. एसी केबिनमधून बाहेर आणलात की काचेवर धुकं धरतं, म्हणून वीस मिनिटं आधी बॅग बंदच ठेवून डेकवर आणा.

आणि खाली बघून चाला. निळ्या पायांच्या बूबीचं घरटं म्हणजे जमिनीवर विष्ठेचं पांढरं वर्तुळ, बरेचदा वाटेच्या अगदी कडेला. सकाळी समुद्री इग्वाना ऊन खात एकमेकांवर पसरलेले असतात, काळ्या लाव्हावर काळेच. नाकातून मिठाचं पाणी फुर्रकन उडवतात, तेव्हाच कळतं की तो दगड नव्हता.