फिनलंडच्या पंक रॉक संगीताबद्दल मदत हवी आहे (टाम्पेरेत कोणी आहे का?)

मंडळी, फिनिश पंक ऐकणारं कोणी आहे का इथे? मला सुरुवात पेर्त्ती कुरिकान निमिपाइवात मुळे झाली, २०१५ च्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेला फिनलंडकडून गेलेला बँड, चौघेही बौद्धिक अपंगत्व असलेले, गाणं जेमतेम दीड मिनिटाचं आणि काय जबरदस्त राग आहे त्यात! मग मागे मागे जात १९८० च्या आसपासच्या हार्डकोरला (पंकचाच जास्त वेगवान, आक्रमक प्रकार) पोचलो, तोर्नियोचे तेरवेत कादेत, टाम्पेरेचे काओस आणि रीस्तेत्युत, शिवाय रात्तुस हे बँड. तेरवेत कादेतची कितीतरी गाणी मिनिटभरात संपतात, ड्रम सुसाट आणि गाणारा अक्षरशः घसा फाडतो, शब्द कळत नसले तरी अंगावर येतं.

आता प्रॉब्लेम असा की गाण्यांचे अर्थ नीट कळत नाहीयेत, ऑनलाईन ट्रान्सलेटर बोलीभाषेला पार गंडतो. तिकडे राहणाऱ्या कोणाला फिनिश येत असेल तर दोन-तीन गाण्यांना मदत कराल का प्लीज? आणि उन्हाळ्यात टाम्पेरेला जाणं होतंय, तर वास्ताविर्ता क्लबला किंवा जवळच्या लेम्पाआला गावातल्या पुंताला-रॉक या पंक फेस्टिव्हलला कोणी गेलंय का, तिकीट आधी काढावं लागतं का, राहायची सोय कशी असते? जुन्या रेकॉर्डचे रीइश्यू (पुन्हा काढलेल्या आवृत्त्या) कुठल्या दुकानात मिळतील तेही सांगा.