विषय: शनिवार-रविवारसाठी वेगळे सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी,
सुट्टीच्या दिवशी सिनेमा लावायचा म्हटलं की अर्धा तास याद्या चाळण्यातच जातो, आणि तीच ती गाजलेली नावं पुढे येतात. फारसे कुणी न पाहिलेले, पण एकदा पाहिले की डोक्यातून न जाणारे असे सांगाल का? कॉलेजातली मुलंही सोबत बसतात.

---

ताई,
मुलं आहेत तर शनिवारी ‘कोहिअरन्स’ (२०१३) लावा. आठ जण जेवायला जमलेत, आकाशातून धूमकेतू जातोय, दिवे जातात आणि आसपास एकाच घरात उजेड दिसतो. दोघं तिकडे चालत जातात, एवढंच सांगतो. जेम्स वॉर्ड बर्किटनं हा सिनेमा स्वतःच्याच घरात पाच रात्रींत चित्रित केला. नटांच्या हातात पटकथा नव्हती. ज्याला त्याला रोज आपल्या पात्रापुरती चिठ्ठी मिळायची. त्यामुळे चेहऱ्यांवरचा गोंधळ खरा आहे, एकमेकांचं बोलणं तोडणंही खरं. ग्लो स्टिक्सच्या, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या कांड्यांच्या, रंगावर नजर ठेवा.

‘प्रायमर’ (२००४) त्याच वळणाचा, पण अवघड. शेन करुथनं तो सुमारे ७,००० डॉलरमध्ये केला. ७७ मिनिटांचा आहे, आणि दुसऱ्यांदा पाहावा लागतोच.

रविवार मात्र ‘कोर्ट’साठी राखून ठेवा. चैतन्य ताम्हाणेच्या या सिनेमाला २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाले, तरी नाव ऐकलेले पुष्कळ, पाहिलेले थोडे. शाहीर नारायण कांबळेवर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटारसफाई कामगारानं आत्महत्या केली! कॅमेरा लांब उभा राहून नुसता बघत असतो. एक बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून न्यायाधीश तिची सुनावणी पुढे ढकलतात, आणि कोर्टाचं कामकाज तसंच चालू राहतं. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागते. तिचा धड रागही करता येत नाही, हीच या सिनेमाची ताकद. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळोखा होतो. तिथे उठू नका, सिनेमा अजून बाकी आहे.

---

ताई,
यात ‘ओम-दर-ब-दर’ हवाच. कमल स्वरूपचा १९८८चा सिनेमा, चित्रपटगृहात यायला २०१४ उजाडलं. बाप नोकरी सोडून ज्योतिषी झालेला, पोरगा श्वास रोखून धरण्यात पटाईत, आणि मध्येच बेडूक. तर्क लावत बसलात तर दहाव्या मिनिटाला बंद कराल. गाणी ऐकत पुढे जाऊ द्या. हा सगळ्यांसोबत नको, एकटीनं पाहा.

आणि ‘कोर्ट’ मी रविवारी ठेवणार नाही. पाहून झाल्यावर घरात जे बोलणं निघतं, ते सोमवारच्या घाईत विरून जातं. तो शनिवारी पाहा, ‘कोहिअरन्स’ रविवारी.