वटवट्याला परकं अंडं कसं कळतं?

वटवट्या या छोट्या पक्ष्याच्या घरट्यात दुसऱ्याच पक्ष्याने अंडं घातलं, तर ते ओळखताना स्वतःचं अंडं पक्ष्याला आठवतं, की घरट्यातल्या शेजारच्या अंड्यांशी ताडून पाहिलं जातं, हा प्रश्न फार मोलाचा आहे. मला वाटतं, दोन्ही. झांबियात चोमाच्या आसपास क्लेअर स्पॉटिसवूड आणि मार्टिन स्टीव्हन्स या संशोधकांनी तिथल्या वटवट्यांवर केलेलं काम (२०१०) जरूर वाचा. एका मादीची अंडी निळी, दुसरीची पांढरी, तिसरीची तांबूस, वर ठिपके आणि बारीक रेघोट्या. प्रत्येकीची ही सही जन्मभर तीच. कुकू फिंच हा वटवट्याच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी; त्याची मादीही आयुष्यभर एकाच धाटणीची अंडी घालते, त्यामुळे ती वटवट्याच्या अंड्यांशी जुळणं बरंचसं नशिबावर. वटवट्या रंग पाहतो, ठिपक्यांचा आकार पाहतो, ते कसे विखुरलेत तेही पाहतो. एवढ्याशा पक्ष्याची ही नजर थक्क करते!

पण फिंचने त्याच घरट्यात दोन-तीन अंडी घातली की वटवट्या गोंधळतो, परकी अंडी राहून जातात (२०१३चा अभ्यास). नुसत्या आठवणीवर निर्णय होत असता तर असं का व्हावं? आपल्याकडे कावळ्याच्या घरट्यातही कोकिळेची एकाहून जास्त अंडी सापडतात. तिथेही हाच डाव असेल का, हे कुणीतरी नीट तपासायला हवं.