तुमच्या गावचा भोंगा कधी बंद पडला? (अनुभव धागा: खान्देश)

नेरीनाका (जळगाव)

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटायचं, भांडण चाललंय. कारण आबा. जळगावच्या मिलमध्ये साचेखात्यात तीस वर्षं काढली, खडखडाटात कान गेले, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून आख्खं घर ओरडायला शिकलं. आबांना जाऊन बारा वर्षं झाली, आवाज काही खाली आला नाही.

ती मिल मूळजी जेठांची, १८७०च्या दशकातली. त्याआधी दहाएक वर्षं अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्याच सुमारास रेल्वेही पोचली होती. कापूस दारात, रूळ दारात, मग गिरणी निघाली यात नवल नाही. मिल बंद पडली, तिचा पाळीचा भोंगाही गेला, आता त्या जागेवर मॉल आहे.

तर, तुमच्या घरात कामधंदा पिढीगणिक कसा बदलला, लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलंही चालेल, बागलाणवालेही आपलेच. (भरीत कुणाकडचं चांगलं हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर.)

शेडमास्तर (भुसावळ)

आमच्याकडे भोंगा रेल्वेचा. दादा, म्हणजे वडील, वाफेच्या इंजिनावर फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारे. मुंबईहून आलेली लाइन भुसावळला फुटते, एक फाटा नागपूरकडे, एक इटारसीकडे, त्यामुळे इंजिन बदलणं, कोळसापाणी, दुरुस्ती सगळं इथंच. दादा डब्यात फक्त भाकरी न्यायचे, वांगं सोबत कच्चं. फावडं धुवायचं, त्यावर वांगं ठेवायचं आणि भट्टीत धरायचं. (वाद घालत नाहीये, नोंद करतोय.)

विजेची इंजिनं आली आणि फायरमन हे कामच संपलं. दादांना नव्या इंजिनावर असिस्टंट केलं. शर्ट पांढरा राहू लागला म्हणून आई खूश, दादा मात्र घुश्शात. मी दीपनगरला, औष्णिक वीज केंद्रात. म्हणजे कोळसा फिरून आमच्याच घरी.

मृगबाग (रावेर तालुका)

आमच्याकडे भोंगा नव्हताच, पण वॅगन होती. केळीची वॅगन लागली म्हटलं की सावदा स्टेशनवर जत्रा. बैलगाड्यांतून घड यायचे, वॅगनमध्ये केळीचीच पानं अंथरून रचायचे, आणि माल दिल्लीकडे. वॅगन वेळेवर लागली नाही तर आजोबा फलाटावर नुसत्या येरझाऱ्या घालायचे, कारण पिकायला लागलेली केळी कुणासाठी थांबत नाही.

तेव्हा केळीची जात बसराई. कंद लावायचे, पाटानं पाणी द्यायचं, माल कापायला दीड वर्ष. भवरलाल जैनांच्या कंपनीनं ठिबक आणलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, "थेंबाथेंबानं केळी जगते काय? ती काय तुळस आहे?" पुढे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, जी-नाइन जातीची रोपं आली, अकरा-बारा महिन्यांत घड. आता घडावर पिशवी चढवतो, फण्या वेगळ्या करून धुतो, खोक्यात भरतो, कंटेनर आखातात जातो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं बोर्डावर नाव छान दिसतं. व्यापारी फोनवर भाव पाडतो तेव्हा ते मानांकन काही कामाला येत नाही.

आणि दोन गोष्टी बदलल्या नाहीत. मे-जूनमधलं वादळ, गेल्या खेपेला कापणीला आलेली बाग वीस मिनिटांत आडवी झाली. दुसरं पाणी, किंवा ते बदललंय पण उलट्या दिशेनं. आजोबांच्या विहिरीत मी पोहायला शिकलो. आज तिच्या तळाशी निंबाचं झाड आहे आणि शेजारी आमची तिसरी कूपनलिका.

सनफ्लॉवरचा डबा (अमळनेर)

अमळनेरच्या कुणाशीही बोला, दहा मिनिटांत शेअरची गोष्ट निघते. १९४५ मध्ये हाशम प्रेमजींनी इथं वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या पुष्कळांनी तेव्हा शेअर घेतले. ज्यांनी ठेवले ते करोडपती. आमच्या आजोबांनी आत्याच्या लग्नात विकले. आत्या अजून प्रत्येक दिवाळीत ऐकून घेते, बिचारी.

लोक एक विसरतात. त्याआधी हे प्रतापशेठांच्या कापडगिरणीचं गाव. गिरणीमालकानं १९१६ मध्ये गावात तत्त्वज्ञान मंदिर काढावं, हे आजच्या उद्योजकाला सांगून पाहा.

उधना पॅसेंजर (मूळ शिंदखेडा, सध्या सुरत)

भोंगा बंद पडला नाही भाऊ, गाव बदललं. बापानं शेत वाट्यानं लावलं आणि सुरतेला जाणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीत बसला. पहिल्या दिवशी यंत्रमागाच्या खात्यात मुकादमानं विचारलं, "कोनता गावना शे तू?" बाप म्हणायचा, तेव्हाच कळलं इथं निभेल. इथल्या लिंबायत, उधन्यात आजही भाजीवाल्याशी अहिराणीत घासाघीस होते. नदीही तीच, तापी.

पथारी (नंदुरबार)

मिरची. बाजार समितीबाहेर मोकळ्या मैदानात लाल पथाऱ्या पसरतात, स्टेशनवर उतरलं की शिंक येते. आई देठ खुडायला जायची, रात्री हात ताकात बुडवून बसायची. १९९८ मध्ये आमचा जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या आल्या, पण दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात ते जातातच. या धाग्यावर त्यांच्यातलं कुणी लिहीत नाहीये, एवढं लक्षात असू द्या.

काटा (धरणगाव)

१९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायचं, वर प्रतवारी करणाऱ्याची मर्जी. आता व्यापारी काटा घेऊन खळ्यावर येतो. मी दर वेळी आधी त्या काट्यावर माझी पन्नास किलोची खताची गोणी ठेवून बघतो. एकदा सत्तेचाळीस भरली होती. २००२ नंतर सगळं बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं. सरकी काढणाऱ्या जिनिंग आहेत, गाठी बांधतात, गाठी ट्रकनं बाहेर. कापूस आमचा, सूत दुसऱ्याचं.

नेरीनाका, तुम्ही स्वतः काय करता ते लिहिलंच नाही.

नेरीनाका

एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात. प्लॅस्टिकच्या चटया, पण विणतात मागावरच. आबांचा साचा सुताचा, माझा प्लॅस्टिकचा. कानात बोळे घालतो, तरी मुलगी म्हणते टीव्ही हळू करा.

शेडमास्तर, एक शंका. भट्टीच्या त्या धगीत वांगं फुटत नसे?

शेडमास्तर

फुटायचं की. एकदा ड्रायव्हरसाहेबांच्या मिशीवर उडालं. तेव्हापासून दादा घरूनच आईकडून चार चिरा पाडून, तेल लावून न्यायचे. पण कपाशीच्या काड्यांवरची चव त्याला येत नाही, हे तेही कबूल करायचे.